बिनशिवणीची पाठ

कैनाड, ८ जुलै २०१८

विनोद,

तुझ्याशी फोनवर बोलणार नाही अशी शपथ मी हिरू आजीसमोर घेतली आहे, त्यामुळे ती मोडता येत नाही. लिहिणार नाही असं मात्र मी कुठेच म्हटलं नव्हतं. म्हणून हे पत्र. तू गांधीधामला कामाला गेलास, तिथला पत्ता प्रविणने दिला. भाऊ माझा, पण चमचा तुझा.

मुद्द्याचं लिहिते. तुझी जॅकेटं घेऊन जा.

आज कपाट उघडलं तर सगळ्यांना पांढऱ्या मिशा फुटलेल्या. त्या फरच्या कॉलरवाल्या जी-वनला बुरशी, मेंढीच्या जाडजूड बी-थ्रीला बुरशी, बाकीच्यांची तर नावंही मला येत नाहीत, त्यांनाही बुरशी. आपल्याकडच्या पावसात चामडं टिकतं का रे? दुसरी माणसं काहीतरी शहाण्यासारखं जमवतात. आमचं येडं लढाईच्या विमानवाल्यांची जॅकेटं जमवतं! आणि विमान पाहिलंय कुठून, तर चिकूच्या टेम्पोतून मान बाहेर काढून, खालून.

२०१४ साली पहिलं आणलंस तेव्हा मला वाटलं थंडीसाठी घेतलं असेल. मग मे महिन्यात धोंडीच्या लग्नात तेच घालून डीजेसमोर नाचलास आणि आडवा झालास. दोन बादल्या ओतल्या तेव्हा डोळे उघडलेस. आणि पहिलं काय बोललास? "जॅकेटवर नका ओतू." त्या दिवशीच मला कळायला हवं होतं माझा नंबर कितवा आहे ते.

चार वर्षं माझ्या आईच्या घरात राहिलास. लग्न नंतर करू म्हणालास, मी हो म्हटलं. आपल्यात त्याचं काही नाही, माझ्या आईबापाचं लग्न मी चालायला लागल्यावर झालं. पण मार्चमध्ये तारीख धरायला दोन्हीकडची मोठी माणसं ओट्यावर येऊन बसली आणि तू मुंबईला! का, तर कुलाब्यातला कोणी म्हातारा ए-टू विकतोय. पाऊणशे वर्षांपूर्वीच्या नमुन्याचं, एकदम अस्सल कापाचं. माणसं वाट बघून, ताडी संपवून उठून गेली. आईने मान खाली घातली ती चार दिवस वर केली नाही. संध्याकाळी तू आलास, अंगात ते ए-टू घालून, आणि दारातूनच पाठ वळवून मला म्हणालास, "बघ हर्षदा, पाठीला मधे शिवण नाही. एकच अखंड कातडं!"

मी तुला घालवून दिलं ते बरोबरच केलं.

कपाटात आता सहाच आहेत. ए-टू नेलंस. मला ठेवलंस आणि सवतीला नेलंस.

हर्षदा

ता. क. पंधरा दिवसांत आला नाहीस तर सगळी चुलीत घालते. बी-थ्री पहिलं.


कैनाड, २ सप्टेंबर २०१८

विनोद,

चुलीत नाही घातली. चुलीच्या वर टांगली, आणि ती मी नाही, आईने.

झालं असं. मी चिकूच्या पॅकिंगला डहाणूला गेले होते. आईने कपाटातला वास घेतला आणि ठरवलं की या वस्तू कुजायला लागल्या. आपल्याकडे पावसात जे काही टिकवायचं ते कुठे जातं? चुलीच्या वरच्या माळ्यावर, धुरात. बियाणं तिथे, सुके बोंबील तिथे. मी घरी आले तर बोंबलांच्या शेजारी तुझी सहाच्या सहा विमानं ओळीने लटकलेली.

मी ओरडले. आई म्हणाली, "गप ग बाय. मेलेलं कातडं हाय, त्याला धूर लागतो." मग एकेकाला नाक लावून तिने सांगून टाकलं, हे बोकडाचं, हे मेंढीचं, हे कोणाचं ते देवाला ठावं.

तू प्रविणच्या फोनवर म्हणे रडलास. रडू नकोस, बुरशी गेली आहे. पार गेली! कातडं मऊ पडलं, रंग जरा गडद झाला, बरा दिसतो. बोंबलांचा वास येतो हे खरं आहे. खोटं कशाला बोलू.

कडुलिंबाचा पाला भरून पुन्हा कपाटात ठेवलीत. मी ठेवली. गैरसमज नको, आईने सांगितलं म्हणून ठेवली. आणि तू प्रविणजवळ निरोप दिलास की महिन्यातून एकदा वाऱ्यावर टाका, उन्हात टाकू नका, खांद्यावर घडी घालू नका, जाड हँगर वापरा. इतकं माझ्याबद्दल कधी कोणाला सांगितलंस का रे? की हर्षदाला उन्हात टाकू नका, म्हणून?

हर्षदा


कैनाड, २५ नोव्हेंबर २०१८

विनोद,

मी घातलं.

लिहू की नको असं आठ दिवस चाललं होतं, पण प्रविण सांगणारच, त्यापेक्षा मीच सांगते. डहाणूला सकाळी सहाच्या आत पोचावं लागतं, दिल्लीच्या पेट्या भरायच्या असतात. स्कूटीवर थंडी अशी की हँडलवरची बोटं माझी की दुसऱ्याची तेच कळत नाही. माझं स्वेटर धुतलं होतं, वाळलं नव्हतं. मी कपाट उघडलं आणि जी-वन ओढलं. फक्त डहाणूपर्यंत, असं स्वतःला सांगितलं.

अरे देवा!

वारा लागतच नाही! कॉलर वर केली, चेन गळ्यापर्यंत, मनगटाला ती विणलेली पट्टी गच्च बसते, आत कुठून शिरायलाच वाट नाही. आणि हात पुढे केले की पाठीला खांद्यामागे दोन चुण्या आहेत ना, त्या उघडतात. हात मागे घेतले की मिटतात. मी वाटेतल्या उतारावर मुद्दाम चारदा हात पुढेमागे करून बघितले. पडणार होते. तुला हे सगळं माहीत होतं आणि तू मला नीट सांगितलं का नाहीस? सांगितलं असशील. मी ऐकलं नसेल.

शेडमध्ये गेले तर बायका काम टाकून बघत राहिल्या. संगिता म्हणाली, "आली बाई पायलट, आज पेट्या विमानाने जाणार!" आता सगळे मला पायलटच म्हणतात. मुकादमसुद्धा. मला आवडतं. मी चालते पण जरा वेगळी, प्रविण म्हणतो छाती काढून चालतेस. चालते तर चालते.

आता जॅकेट उतरवावंसं वाटत नाही. रोज वेगळं घालते. त्या बिनकॉलरच्याचं नाव काय? त्याची चेन खालून अडकते, मेण लावू की साबण? प्रविणजवळ सांग.

दुसरी गोष्ट. इथे जमीन हलायला लागली आहे. खरंच. आधी वाटलं खाणीत सुरुंग लावतात. पण भांडी वाजतात, पत्रे वाजतात आणि जमिनीतून गाडी गेल्यासारखा आवाज येतो. तलासरीकडे जास्त आहे म्हणतात. तू आमच्या कुडाच्या भिंती काढून हौसेने चारही बाजूंनी विटांच्या घातल्या होत्यास ना, त्यातल्या एकीला तडा गेलाय. बारीक आहे. काळजी करू नकोस.

हर्षदा


कैनाड, २३ डिसेंबर २०१८

विनोद, अरे विनोद,

बसून वाच. उभा असशील तर बस.

मला सापडलं! मला स्वतःला, माझ्या डोळ्यांनी, कासाच्या बाजारात!

तो जुन्या कपड्यांचा ढीग घालून बसतो ना, पावभाजीच्या गाडीपलीकडे? मी आईसाठी शाल बघायला गेले होते. ढिगात हात घातला आणि बोटांना काहीतरी लागलं. रेक्झीन नाही. रेक्झीन थंड आणि मूर्ख लागतं. हे लागलं ते जिवंत लागलं. ओढलं. तपकिरी. कॉलर फरची, उंदरांनी खाल्लेली. उलटं केलं, खांद्यामागे चुण्या! जी-वन! आतली कंपनीच्या नावाची चिठ्ठी गेलेली, पण चेन पितळेची आणि चालू. एका खिशाला भोक. माझे कान गरम झाले.

मी तोंड वाकडं केलं, तू करतोस तसं, आणि म्हटलं, "हे फाटकं कशाला ठेवलंय?" किंमत नाही सांगणार, तू जळून मरशील.

त्याच वेळी प्रविणचा फोन आला, आईला दवाखान्यात दाखवायची वेळ झाली, लवकर ये. दवाखाना समोर! आणि मी काय म्हटलं माहीत आहे? "दोन मिनिटं थांब." आणि अर्धा तास त्या ढिगात अजून एखादं आहे का ते उकरत बसले. आई बाकावर बसून होती. तिला फक्त खोकला होता, ठीक आहे ती.

परतताना स्कूटीवर एकदम तुझा तो मार्चमधला चेहरा आठवला, दारात पाठ वळवून उभा असलेला. त्या दिवशी तू आम्हाला टाकून गेला नव्हतास. तुला वाटलं असेल, दोन मिनिटं. मी तुला माफ केलंय असं नाही. पण मला कळलंय. दोन्ही वेगळं आहे, ध्यानात ठेव.

आता घरचं. तडा मोठा झालाय. सगळ्या पाड्यातली माणसं बाहेर झोपतात, आम्हीसुद्धा. ताडपत्री बांधली आहे, खाली पेंढा. थंडी मरणाची आहे. मग मी काय केलं, तुझं कपाटच बाहेर काढलं. रागावणार असशील तर रागाव. आई बी-थ्रीत झोपते. अख्खी आत जाते, वर फक्त डोकं राहतं. शेजारची पोरं तिला अस्वल म्हणतात. सकाळी उठून काढत नाही, तसंच घालून कोंबड्यांना दाणे टाकते. मी म्हटलं, आई, ते विनोदचं आहे, द्यावं लागेल. तर म्हणते, "माझा जावई हाय, मी बघंन." जावई म्हणाली. मार्चनंतर पहिल्यांदा.

शेजारच्या शुक्री काकूला एक दिलं, प्रविणला एक. रात्री शेकोटीभोवती आम्ही सगळे बसतो तेव्हा असं वाटतं की एखादं विमान पडलंय आणि त्यातली माणसं वाचलीत. तू असतास तर तुला वेड लागलं असतं. मला तू हवा होतास. लिहिलं. आता खोडत नाही.

पायलट


कैनाड, १६ जानेवारी २०१९

विनोद,

तुझा निरोप प्रविणने शेकोटीवर सगळ्यांदेखत वाचून दाखवला. मूर्ख आहे तो. "तिला विचार, मोठ्या माणसांना परत बसवू का?" म्हणे. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं बसवा. मी इतक्या जोरात म्हटलं की शुक्री काकूचा चहा सांडला.

तर काल बसले. ताडपत्रीखाली. तुझा बाप आला, मामा आला, काही कुरबूर झाली नाही, होळीच्या आधीचा दिवस धरला. मी मनात उड्या मारत होते. मग हिरू आजीने तोंड उघडलं.

तुला माहीत आहे, आपल्याकडची धवलेरी तीच. तिने गाणं म्हटलं नाही तर लग्न लागत नाही. ती काठी टेकत उठली, घराभोवती फिरली, आत गेली, आम्ही नको नको म्हणत असताना चारही भिंती हाताने चाचपल्या आणि बाहेर येऊन म्हणाली, "चौक कठं लिहिनार?"

सगळे भिंतींकडे बघायला लागले. भिंतीला गेरू द्यायचा, त्यावर सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, चौकात पालघट देवी बसवायची, मग लग्न. चार भिंती आहेत आणि चारही फुटल्यात. एकीतून तर पलीकडचा आंबा दिसतो. शेजाऱ्यांच्या कुडाच्या भिंती हलल्या आणि उभ्या राहिल्या, तुझ्या विटांनी मान टाकली. तुझा बाप म्हणाला, तड्याच्या बाजूला लिहा. आजी म्हणाली, "फाटल्या भितीवर मी देवीला बसवनार नाय. आन् दुसऱ्याच्या घरात पन नाय. नवऱ्याच्या हातचं, घरातलं, अखंड काय हाय ते दाखवा. नाय तं जमीन थांबंपर्यंत थांबा."

जमीन कधी थांबणार? काल रात्री दोनदा हलली. इंजिनीयर येतात, यंत्र ठेवतात, काही सांगत नाहीत. नवी भिंत बांधली तरी तीही हलेल. मी चार वर्षं थांबले, मग रागात थांबले, आता पुन्हा जमिनीसाठी थांबू? मला रडू आलं विनोद. मी रडत नाही तुला माहीत आहे.

रडता रडता समोर बघते तर आई, बी-थ्री घालून, चुलीकडे तोंड करून बसलेली. तिची पाठ माझ्याकडे. त्या पाठीवर मधोमध शिवण. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला.

मी म्हटलं, अखंड आहे! नवऱ्याने आणलेलं आहे, घरातलं आहे, मातीच्याच रंगाचं आहे आणि मधे शिवण नाही!

सगळ्यांना वाटलं मला वारं लागलं. मी समजावून सांगितलं. ए-टूची पाठ. बांबूच्या चौकटीवर ताणून बसवायची, गेरू द्यायचा आणि शुक्री काकूने लिहायचं. जमीन हलली तर चौकट हलेल, फाटणार नाही. तू सांगितलं होतंस ना, ते विमानवाले पाठीवर आपापली चित्रं काढून घ्यायचे, जीव वाचावा म्हणून? मग आपण देवी काढू.

आजीने काठीने जमीन टोकरली. मग म्हणाली, "कातड्यावर देव बसंल?" आणि शुक्री काकू, जी कधी मोठ्यांसमोर तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "आजी, ढोलाला काय लुगडं लावलंय? देव ढोलावरच येतो ना?"

आजी हसली रे! दात नाहीत, पण हसली. म्हणाली, "आना मंग."

आता खरी गोष्ट ऐक. मी सगळ्यांसमोर बोलून बसले, पण जॅकेट तुझ्याकडे आहे, आणि कोरी पाठ हा तुझा जीव आहे. कोणाला बोट लावू देत नव्हतास. मी एकदा हळदीच्या हाताने धरलं तर दोन दिवस बोलला नव्हतास. शुक्री काकूने साफ सांगितलंय की चौक लिहिल्यावर ते घालायचं नाही. अंगावर वाकलं की पीठ तडकेल, आणि देवी बसली की ते कपडा राहत नाही. पुन्हा कधीच नाही. सगळ्यात लाडकं, ज्याच्यासाठी लग्नाची बैठक चुकवलीस, ते आता त्याच लग्नासाठी कायमचं भिंत होणार.

मी तुझ्यावर जोर करत नाही. दुसरं कुठलं चालेल का तेही बघितलं. जी-वनला चुण्या, बी-थ्रीला शिवण, बाकी सगळी जोडाची. एकच आहे. तूच दाखवलं होतंस.

नाही म्हणालास तर मी समजेन. चिडेन, पण समजेन. माझं कासाचं जी-वन कोणी मागितलं तर मी दिलं असतं का, हे मला रात्रभर ठरवता आलं नाही.

उत्तर प्रविणच्या फोनवर नको. मला लिही.

हर्षदा


कैनाड, ४ फेब्रुवारी २०१९

विनोद,

तुझं पत्र आलं नाही. गेल्या आठवड्यात रोज डहाणूहून येताना पोस्टात गेले. पोस्टातला तुक्या मला बघितलं की लांबूनच हात हलवायचा, नाही म्हणून. प्रविणला विचारलं तर म्हणे तू फोनच उचलत नाहीस. घरात कोणी माझ्यासमोर लग्न हा शब्द काढेना. आई तर बी-थ्रीची कॉलर वर करून तोंडच लपवायची.

आज दुपारी शेडवर वापीचा एक ट्रकवाला आला, गोणपाटात शिवलेलं गाठोडं घेऊन. "पायलट कोण छे?" मी म्हटलं मी. हातात दिलं आणि गेला.

वजनावरूनच कळलं. माणूस नाही, चिठ्ठी नाही, नुसतं जॅकेट. मला वाटलं, झालं. हिशोब मिटवला याने. घे तुझी भिंत आणि मला सोड. संगिता विचारतच राहिली काय आलं. गाठोडं न उघडताच स्कूटीला बांधलं आणि आले. वाटेत तुला इतक्या शिव्या दिल्या की त्याच उतारावर एक म्हातारा घाबरून बाजूला झाला. त्याला दिल्या नव्हत्या, तुला दिल्या होत्या.

ताडपत्रीखाली सगळे बसले होते. आजीपण. मी गाठोडं मधे आपटलं आणि म्हटलं, घ्या, आली भिंत. नवरा काही येत नाही.

शुक्री काकूने विळ्याने शिवण उसवली. जॅकेट निघालं, पालथं. मी बघतच नव्हते. मग काकूने माझा हात धरला आणि त्या पाठीवर ठेवला.

खरखरीत लागलं. मी खाली बघितलं.

तू गेरू दिला आहेस.

अख्ख्या पाठीला, कॉलरच्या खालपासून विणलेल्या पट्टीपर्यंत, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. काकूने बोट ओलं करून घासून बघितलं, म्हणाली, दोन हात दिलेत, पहिला वाळू दिला आणि मग दुसरा. कडेला तुझ्या बोटांचे ठसे आहेत. ब्रश नाही वापरलास. घरची भिंत सारवतात तसं हाताने सारवलंस, तिथे गांधीधामला, कुठल्या तरी खोलीत एकटा बसून. ज्या पाठीला हळदीचं बोट चालत नव्हतं.

मी मोठ्याने रडले. सगळ्यांसमोर, जॅकेट तोंडाला लावून, माझं नाक गेरूने लाल झालं. आई म्हणाली, "पुरे बाय, भित ओली होईल." प्रविण हसायला लागला, मग सगळेच हसायला लागले. त्यात जमीन हलली. पत्रे वाजले, कुत्री ओरडली, आणि शपथेवर सांगते, कोणी उठलंच नाही.

काकूने बांबू सोलायला घेतलेत. पीठ घरच्या तांदळाचं, बाभळीचा डिंक घालून, म्हणजे धरून राहील. हिरू आजी आत्तापासूनच गुणगुणायला लागली आहे. मी तिला विचारलं, फोनवर न बोलायची शपथ सोडवशील का? म्हणाली, "लग्नात सोडवंन, तवर लिही."

तू लग्नात माझं कासाचं जी-वन घाल. खिशाचं भोक मी शिवलंय. उसनं देते आहे, दिलं नाही, नीट वाच. होळीआधी ऊन चढायला लागतं, तेव्हा डीजेसमोर नाचलास आणि पडलास तर पाणी जॅकेटवरच ओतीन.

भिंत पोचली विनोद. आता नवऱ्याला पाठव.

तुझी,
हर्षदा